बांधकाम मजुराचं म्हातारपण: पैसा भरला जातो, पण नावावर का राहत नाही?

(ठेकेदार, साईट इंजिनीअर आणि बांधकाम व्यवसायातल्या इतर मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



पत्रिकेत आजचा विषय ‘बांधकाम क्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी निवृत्ती योजना’ असा छापलेला आहे. वाचून तुमच्यापैकी दोघा-तिघांनी मला मघाशी चहाच्या वेळी विचारलंच, की अहो, बांधकामावरचा माणूस निवृत्त कधी होतो? प्रश्न बरोबर आहे. बँकेतला माणूस ठरलेल्या तारखेला निवृत्त होतो, सत्कार होतो, घरी जातो. गवंडी तसा निवृत्त होत नाही. आधी गुडघे कुरकुरायला लागतात. मग मुकादम त्याला परांचीवर चढवत नाही, खालचं काम देतो. मग खालचंही रोज मिळत नाही. मग कोणीतरी ओळखीवर साईटवर वॉचमन म्हणून ठेवतो. साईट संपली की तेही संपतं. या सगळ्याला पाच-सात वर्षं लागतात आणि त्यात एकही दिवस असा नसतो, की ज्या दिवशी कोणी म्हणेल, ‘बाबा, तुझा हिशेब घे.’

म्हणून मी आज योजनांची यादी वाचून दाखवणार नाही. ती मोबाईलवर मिळते. मला एकच गोष्ट समजावून सांगायची आहे. या माणसासाठी कायदा नाही असं नाही. पैसा भरला जात नाही असंही पूर्ण खरं नाही. अडचण अशी आहे, की आपल्या बहुतेक योजना एका मालकाकडे टिकून राहणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून बनलेल्या आहेत. आणि आपला माणूस आज या साईटवर, दिवाळीनंतर दुसऱ्या साईटवर, पेरणीला गावी आणि पुढच्या वर्षी तिसऱ्याच ठेकेदाराकडे असतो. दर वेळी त्याचं खातं तुटतं. तुटलेले तुकडे जोडले, तर म्हातारपणी बऱ्यापैकी रक्कम होते. जोडले नाहीत, तर काहीच उरत नाही.

आधी पीएफपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे आहे.

भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. बांधकाम उद्योगाला तो ३१ ऑक्टोबर १९८० पासून लागू आहे. म्हणजे चार दशकं उलटून गेली. तरी अजून मला लोक सांगतात, ‘आमची माणसं रोजंदारीवर आहेत, त्यांना पीएफ नसतो.’ असं कुठेही लिहिलेलं नाही. २० किंवा त्याहून जास्त माणसं असली की कायदा लागू. मजूर तुमच्या पगारपत्रकावर असो की मुकादमाच्या वहीत, तो मोजला जातो. पूर्वी काही दिवस काम भरल्याशिवाय सभासद होता येत नसे. ती अट १ नोव्हेंबर १९९० पासून गेली. आता कामावर आल्या दिवसापासून तो सभासद आहे. ‘तीन महिने टिकू दे, मग बघू’ हे आपण आपल्या सोयीने ठरवलेलं आहे, कायद्याने नव्हे.

आता एक बारकावा सांगतो. माझ्या मते आजच्या सगळ्या बोलण्यातला हाच सर्वांत उपयोगी भाग आहे, त्यामुळे जरा सावकाश बघू.

पीएफला पगाराची मर्यादा आहे, महिन्याला १५,००० रुपये. ही १ सप्टेंबर २०१४ पासूनची. पहिल्यांदा नोकरीला लागताना ज्याचा पगार याच्या वर आहे आणि जो आधी कधी सभासद नव्हता, त्याला पीएफ सक्तीचा नाही. आता तुमच्या साईटवरचे दोघे घ्या. एक बिगारी, १९ वर्षांचा, ५५० रुपये हजेरी. २६ दिवस भरले तर १४,३०० रुपये. हा मर्यादेच्या आत आहे. दुसरा गवंडी, ३५ वर्षांचा, समजा १,००० रुपये हजेरी. २६ दिवसांचे २६,०००. याचं आजवर कुठेही खातं निघालेलं नसेल, तर कायद्याच्या भाषेत तो ‘वगळलेला कर्मचारी’ ठरतो. म्हणजे हाताखालच्या पोराला पीएफ आहे आणि कारागिराला नाही.

त्याला घेता येत नाही असं नाही. मालक आणि मजूर दोघांनी मिळून अर्ज केला तर घेता येतं. पण तेव्हाही एक मेख आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० च्या वरच्या पगारावर जो नव्याने सभासद होतो, त्याला पीएफ मिळतो, पण पेन्शन योजनेत प्रवेश मिळत नाही. दरमहा पेन्शनचा दरवाजा त्याच्यासाठी बंद.

याच्या उलट बघा. तोच माणूस १९ व्या वर्षी बिगारी असताना सभासद झाला असता, तर पुढे हजेरी कितीही वाढली तरी तो पीएफमध्येही राहिला असता आणि पेन्शनमध्येही. मर्यादेपुरतीच वर्गणी भरायची, पण सभासदत्व कायम. म्हणजे खातं उघडायची खरी वेळ माणूस बिगारी असतानाच असते. नेमकं त्याच वेळी आपण म्हणतो, ‘हा पोरगा काय टिकणार आहे, कशाला नाव घालायचं?’

आता आकडे. १५,००० पगार धरू. मजुराचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये. तुमचेही १,८००. तुमच्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. म्हणजे मजुराच्या पीएफ खात्यात महिन्याला २,३५० पडले. याशिवाय प्रशासकीय खर्च आणि विमा मिळून आणखी १ टक्का तुम्ही भरता. तुमचा एकूण खर्च १३ टक्के, १,९५० रुपये.

२०२४-२५ चा पीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता. तोच राहिला असं धरलं, तर १० वर्षांत २,३५० चे सव्वाचार लाखांच्या आसपास होतात. ३० वर्षांत चौतीस-पस्तीस लाख. दर बदलतात, खाडे पडतात, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे आहेत. पण १० आणि ३० मधला फरक बघा. वर्षं तिप्पट झाली, रक्कम आठपट झाली. तुटलेल्या खात्याचं नुकसान कुठे होतं ते इथे दिसतं. तीन-तीन वर्षांनी काढून घेतलेला पैसा कधीच या चढणीला लागत नाही.

पेन्शनचं सूत्र सोपं आहे. पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. १५,००० पगार आणि १० वर्षं सेवा असेल तर महिन्याला २,१४३ रुपये. २० वर्षं भरली की २ वर्षं जास्तीची धरतात, म्हणून ४,७१४. वय ५८ पासून. कमीत कमी पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४ पासूनची. ही रक्कम फार नाही, हे मी आधीच म्हणून टाकतो. पण गावाकडे स्वतःचं घर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला दर महिन्याला खात्यावर येणारे दोन-चार हजार म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. औषधाला सुनेपुढे हात पसरावा लागत नाही.

पण अट आहे: १० वर्षांची सेवा. एकाच मालकाकडे नव्हे. एकूण. ६ महिने किंवा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षं भरली तरी चालतं. दहा ठेकेदारांकडे एकेक वर्ष केलं तरी चालतं, पण त्या दहाही वर्षांचा धागा एकाच नंबरात ओवलेला पाहिजे. तो नंबर म्हणजे यूएएन. २०१४ मध्ये तो आला. त्याच्या आधी प्रत्येक ठेकेदार नवं खातं काढायचा आणि जुनं तसंच पडून राहायचं. आता नंबर एक आहे. तरीही खाती तुटतातच. का?

पहिलं कारण आपल्या ऑफिसातलं. नवीन माणूस आला की फॉर्म ११ भरून घ्यायचा असतो. त्यात विचारलेलं असतं, आधी पीएफ होता का, नंबर काय. आपला क्लार्क घाईत ‘नाही’ वर खूण करतो. आधारवर नाव एक, जुन्या खात्यावर नाव दुसरं, वडिलांचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगमध्ये. जुनं जुळवण्यापेक्षा नवीन काढणं सोपं जातं. आता उमंग ॲपवर चेहरा दाखवून यूएएन काढावा लागतो, त्यामुळे दुबार नंबर निघणं अवघड झालंय. पण जुने जे दुबार निघालेत, ते तसेच पडून आहेत.

दुसरं कारण मजुराच्या घरातलं. काम सुटलं, घरात लग्न निघालं, कोणीतरी सांगितलं की पीएफ काढता येतो. पीएफसोबत पेन्शनचा भागही निघतो. १० वर्षांच्या आत असेल तर काढू देतात. तीन वर्षांचे चाळीस-पन्नास हजार हातात येतात आणि ती तीन वर्षं पेन्शनच्या हिशेबातून पुसली जातात. पुढच्या ठेकेदाराकडे मोजणी पुन्हा शून्यापासून. असं चार वेळा झालं की १२ वर्षं काम करूनही पेन्शन नाही. याला पर्याय आहे. पैसे न काढता योजना प्रमाणपत्र घेता येतं, किंवा यूएएन तोच ठेवून पुढच्या नोकरीत सेवा जोडून घेता येते. दावा तोच फॉर्म १०सी वापरून करतात, फक्त पैसे की प्रमाणपत्र एवढंच निवडायचं असतं. ही निवड कोणी त्याला समजावून सांगितलेली नसते. मला वाटतं, मजूर सोडून जाताना ठेकेदाराने पाच मिनिटं बसून एवढं एक सांगितलं, तरी त्याने मोठं काम केलं.

आणि तिसरं कारण. याबद्दल आपण चारचौघांत बोलत नाही, पण बोलायला हवं. मोठा बिल्डर आरए बिलासोबत पीएफ चलनाची प्रत मागतो. प्रत नाही तर बिल अडतं. हे बरोबर आहे, कारण ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ मालकावर जबाबदारी येते. मग ठेकेदार काय करतो? चलन भरतो. पण चलनात नावं तीच, दर महिन्याला तीच पंचवीस. साईटवर माणसं निराळी. कधी ती नावं ऑफिसातल्या पोरांची असतात, कधी गावाकडच्या भावकीची. कागद जुळला, बिल निघालं. पैसा सरकारजमा झाला, पण ज्याने स्लॅब टाकला त्याच्या नावावर एक रुपया गेला नाही. हा पैसा चोरीला गेला असंही म्हणता येत नाही. तो बरोबर खात्यात जमा आहे, फक्त माणूस चुकीचा आहे. फूड कॉर्पोरेशनच्या एका जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पीएफ आयुक्तांना हेच सुनावलं होतं, की नुसती रक्कम ठरवून वसुली करू नका, आधी मजूर कोण ते शोधा. नाव नसलेल्या वर्गणीचा मजुराला उपयोग नाही.

इथे थोडं बाजूला जाऊन एक आठवण करून देतो, कारण लोक विचारतात, ‘मालक बदलत राहणाऱ्या माणसाला पेन्शन देणं शक्य तरी आहे का?’ शक्य आहे, आणि ते आपल्याच राज्यात करून दाखवलेलं आहे. माथाडी. बाजार समितीतला हमाल सकाळी एका गाळ्यावर पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्या. त्याचा मालक कोण? १९६९ चा माथाडी कायदा आला आणि त्याने हा प्रश्नच बाजूला सारला. माथाडी मंडळ स्थापन झालं. मजुराची नोंद मंडळाकडे, मालकाची नोंदही मंडळाकडे. मालक मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो. मंडळ मजुराला पगार देतं आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे. मालक दिवसात चार बदलले तरी मजुराचं खातं एकच. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने मिळवलेली ही गोष्ट आहे. माथाडी मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी आहेत, त्या मला माहीत आहेत. पण मांडणी पक्की आहे. ऑस्ट्रेलियात १९८४ मध्ये बांधकाम कामगार संघटनांनी उद्योगाचा मिळून एक निवृत्ती निधी उभा केला, त्याचं तत्त्व हेच: खातं उद्योगाशी बांधायचं, मालकाशी नाही. आपल्याकडे ते हमालांच्या बाबतीत १५ वर्षं आधी झालं होतं.

मग बांधकाम मजुरांसाठी मंडळ नाही का? आहे ना. १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा आणि त्याच वर्षीचा उपकराचा कायदा. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर तुम्ही भरता. जमिनीची किंमत सोडून ५ कोटींचं काम असेल तर ५ लाख. महाराष्ट्रात मंडळ आहे, नोंदणी आहे, ओळखपत्र आहे. पण माथाडीशी तुलना केली की फरक लगेच दिसतो. माथाडीची लेव्ही ठरावीक मजुराच्या कामावर लागते आणि त्याच्या नावावर उतरते. बांधकामाचा उपकर इमारतीवर लागतो आणि एका मोठ्या सामायिक हंड्यात जातो. त्या इमारतीवर कोणी घाम गाळला याच्याशी त्या पैशाचा संबंध उरत नाही. हंड्यातून शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, भांड्यांचा संच वगैरे गोष्टी निघतात. वाईट नाहीत. पण सामायिक हंडा भरला की वाटणारा म्हणेल ते खरं. १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. मदन लोकूर यांच्या खंडपीठाने देशभरातल्या या निधीबद्दल फार कडक शब्द वापरले. पैसा प्रचंड जमा होता, खर्च थोडा होता, आणि काही ठिकाणी त्यातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतली गेली होती.

पेन्शनचं काय? १९९६ च्या कायद्याच्या कलम २२ मध्ये मंडळाच्या कामांत ६० वर्षांवरच्या लाभार्थ्याला पेन्शन देणं लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात ती योजना २०२५ मध्ये आली. १० वर्षं नोंदणी असेल तर वर्षाला ६,००० रुपये, १५ वर्षांना ९,०००, २० वर्षांना १२,०००. हे आकडे महिन्याचे नाहीत, वर्षाचे. म्हणजे १० वर्षांच्या नोंदणीला महिन्याला ५००. तरी मी म्हणेन, ती घ्यावी. पण इथेही बघा, पुन्हा वर्षांचीच मोजणी आहे. नोंदणीसाठी मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. वर्गणी सलग वर्षभर थकली की लाभार्थी म्हणून नाव जातं. तो ९० दिवसांचा दाखला कोण देणार? ठेकेदार. नाक्यावरच्या मजुराला ग्रामसेवक किंवा पालिकेचा अधिकारी. ठेकेदार सही करायला घाबरतो. त्याला वाटतं, सही केली की पीएफवाले दारात उभे राहतील. मग मजूर एजंटकडे जातो आणि ज्याने खरोखर ९० दिवस विटा उचलल्या तो विकत दाखला घेतो. याच्याइतकी विचित्र गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

आणखी एक योजना लोक फार सांगतात, पीएम श्रमयोगी मानधन. २०१९ ची. वय १८ ते ४०, उत्पन्न १५,००० पर्यंत, आणि जो पीएफमध्ये नाही तो. २९ व्या वर्षी लागला तर महिन्याला १०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरतं. साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये पेन्शन. नाक्यावरच्या माणसाला, ज्याला कुठलाच ठेकेदार पीएफ लावत नाही, हे चांगलं आहे. फक्त ३१ वर्षांनंतरचे ३,००० म्हणजे आजचे किती, हे त्याला सांगा. महागाई ६ टक्के धरली तर आजचे जेमतेम ५००. आणि तुम्ही २०-२५ माणसांचे ठेकेदार असाल, तर या योजनेचा फॉर्म भरून देऊन पीएफमधून सुटका होत नाही. तसं करणारे आहेत, म्हणून सांगितलं.

आता ज्यांना खरोखर काही करायचं आहे त्यांच्यासाठी. मोठा सल्लागार लागत नाही. साईटवर नवा माणूस आला की पहिल्या दिवशी आधार, बँक पासबुक आणि जुना यूएएन. जुना नंबर आठवत नसेल तर आधारला जोडलेल्या मोबाईलवरून तो सापडतो. नावातला फरक तेव्हाच दुरुस्त करून घ्या. दोन वर्षांनी तो माणूस गावी गेल्यावर कोणी करत नाही. हजेरीपत्रकातली नावं आणि चलनातली नावं महिन्यातून एकदा समोरासमोर ठेवून बघा. खाडे असतील तर ते दाखवायला चलनाच्या फाईलमध्ये वेगळा रकाना असतो. १२ दिवसच भरले म्हणून माणूस वगळायचा नसतो, १२ दिवसांच्या मजुरीवर भरायचं असतं. वारसाची नोंद करून घ्या. आपल्या धंद्यात हे फार महत्त्वाचं आहे. १० वर्षांची अट म्हातारपणाच्या पेन्शनला आहे. सभासद नोकरीत असताना गेला, तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन मिळतं आणि दोन मुलांनाही. विम्याचे पैसे वेगळे, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत. बारदानाची जाळी तुटून माणूस पडला आणि त्याचं नाव चलनात नव्हतं, तर त्याच्या बायकोला यातलं काहीही मिळत नाही. त्या जागी चलनात ऑफिसातल्या पोराचं नाव असतं आणि तो जिवंत असतो.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न: साहेब, तुम्ही म्हणता ते पटतं. पण मजूरच म्हणतो कापू नका. पुढच्या साईटवाला कापत नाही, मी तिकडे जातो म्हणतो. आम्ही काय करायचं?

उत्तर: तो खरं बोलतो. ५५० हजेरीतून ६६ रुपये कापले की त्याच्या हातात ४८४ येतात, आणि त्याची उधारी आजची आहे. त्याला वेडा समजू नका. बरेच ठेकेदार सुरुवातीला हजेरी थोडी वाढवून देतात, म्हणजे हातात येणारी रक्कम फार घटत नाही. खर्च वाढतो, पण कामाचा दर टाकताना तो आधीच धरला तर नंतर दुखत नाही. दुसरं, त्याला पासबुक दाखवा. पहिल्या तीन महिन्यांनी मोबाईलवर त्याच्या नावाने जमा झालेली रक्कम दाखवली, त्यात मालकाचे पैसे वेगळे दिसले, की बोलणं बदलतं. जे करू नये ते असं, की तुमचा हिस्सासुद्धा त्याच्याच मजुरीतून कापायचा. ते बेकायदा आहे आणि मजुराचा विश्वास नेमका तिथेच उडालेला आहे.

प्रश्न: आमच्याकडे झारखंड आणि बंगालची पोरं जास्त आहेत. ती परत गेली की काय?

उत्तर: पीएफचा नंबर देशभर चालतो. रांचीला गेला तरी तोच. मंडळाची नोंदणी मात्र राज्यापुरती आहे, इथली वर्षं तिकडच्या मंडळात मोजतील असं धरून चालू नका. म्हणून परराज्यातल्या माणसाच्या बाबतीत पीएफ जास्त महत्त्वाचा.

प्रश्न: नव्या श्रमसंहितांमुळे हे सगळं बदललं का?

उत्तर: २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. पीएफ आणि उपकराचे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत आले. कायद्याची नावं आणि कलमं बदलली, मी सवयीने जुनीच वापरली. मजुराच्या खात्याची गोष्ट तीच आहे. तुमच्यासाठी लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे वेतनाची व्याख्या. निम्म्याहून जास्त रक्कम भत्त्यांत दाखवून पीएफ कमी करायची युक्ती आता चालणार नाही. आणि एखाद्या प्रकल्पापुरतं ठरावीक मुदतीचं नेमणूक पत्र दिलेलं असेल, तर ग्रॅच्युइटीला ५ वर्षं थांबायची गरज नाही, एका वर्षानंतर ती लागू होते. सुपरवायझर, स्टोअरकीपर, सर्व्हेअर यांच्या बाबतीत हे बघून घ्या.

प्रश्न: आमच्या इंजिनीअर मुलांचे पगार ४०-५० हजार आहेत. त्यांच्यासाठी?

उत्तर: त्यांना एनपीएस बघा. तोही नंबर नोकरीबरोबर जातो, कंपनी बदलली तरी तोच राहतो. कंपनीने भरलेल्या हिश्श्यावर नव्या करप्रणालीतही मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत सूट मिळते. पण खरं सांगू का, या मुलांची मला फार काळजी नाही. ती स्वतः शोधतील.

प्रश्न (एका महिला सुपरवायझरचा): आमच्या साईटवर नवरा-बायको दोघं काम करतात, पण मुकादम हजेरी एकाच नावावर लावतो. बाईचं नाव कुठेच नसतं. तिला काय मिळणार?

उत्तर: ताई, काहीही नाही. जोडीची मजुरी नवऱ्याच्या नावावर पडली, की मस्टरमध्ये ती बाई नाही, चलनात नाही, ९० दिवसांच्या दाखल्यात नाही. नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या पेन्शनवर अवलंबून, नंतर विधवा म्हणून. स्वतःच्या २० वर्षांच्या पाट्यांचा हिशेब तिच्याकडे नसतो. यात मुकादमाशी भांडण करण्याआधी तुम्ही सुपरवायझर म्हणून एक करू शकता. साईटवरचं रोजचं हजेरीपत्रक तुमच्या हातात आहे. त्यात उद्यापासून दोन ओळी लिहा, तिची वेगळी आणि त्याची वेगळी, मजुरी वेगळी. पगार ऑफिसातून त्याच पत्रकावर निघत असेल तर मुकादमाला एकत्र करायला जागाच राहत नाही. मग तिचं आधार आणि बँक खातं घ्या. बहुतेक बायकांचं जनधनचं खातं असतं, बंद पडलेलं असतं, ते चालू करून घ्यावं लागतं. तेवढं झालं की यूएएन निघतो.